एक रेघ जास्त

१

कॉम्प्युटर अडकणं ही काही भिण्यासारखी गोष्ट नाही. सरकारी कार्यालयात तर नाहीच नाही. तिथं पंखा अडकतो, फाईल अडकते, साहेबांची बदली अडकते, आणि माणसं निवांत चहा पितात. ज्योत्स्नाची शीट पहिल्यांदा बंद पडली तेव्हा तीही कप घेऊन खिडकीत जाऊन उभी राहिली होती.

काम तसं सोपं होतं. तालुक्यातल्या ठरलेल्या विहिरींचं पाणी किती खोल आहे ते वर्षातून चारदा मोजायचं, आकडे शीटमध्ये भरायचे आणि त्यांचा चार्ट काढून जिल्ह्याला पाठवायचा. चार्टमध्ये प्रत्येक विहिरीची एक रेघ. सगळ्यात वर शून्य, म्हणजे विहिरीचं तोंड. रेघ जितकी खाली उतरेल तितकं पाणी खोल गेलं असं समजायचं. मे महिन्यात सगळ्या रेघा खाली मान घालून निघालेल्या असतात.

आकडे भरताना शीट गुमान चालायची. चार्टला हात लावला की मात्र तिचं बिनसायचं. एखाद्या रेघेचा रंग बदलायला जावं, तर गोल चकरी फिरायला लागायची, पडदा पांढरा पडायचा आणि सगळं बंद. पुन्हा उघडलं की शीट म्हणायची, तुमची फाईल वाचवून ठेवली आहे. जणू उपकारच केले.

खरं तर ती फाईल ज्योत्स्नाची नव्हतीच. या कार्यालयात कोरी फाईल कोणी करत नाही. मागच्या वेळची उघडायची, नाव बदलून ठेवायची, जुने आकडे पुसून नवे घालायचे. चार्ट आपोआप बदलतो. असं करत करत कितीतरी वर्षं एकच फाईल चालत आलेली होती आणि ती मुळात पवननं बनवलेली होती.

पवन म्हणजे तिचा नवरा. दिवाळीच्या तोंडावर सिरसाळ्याजवळच्या एका विहिरीचं पाणी मोजायला गेला, काठ ढासळला आणि तो आत गेला. सापडला नाही. त्याची खुर्ची तिला मिळाली, तीही कंत्राटावर. खुर्चीच्या पाठीला त्याच्या डोक्याच्या तेलाचा डाग अजून होता आणि ती तो पुसत नव्हती.

२

दुसऱ्यांदा शीट बंद पडून उघडली तेव्हा चार्टमध्ये एक रेघ जास्त होती.

फिकट निळी. खाली विहिरींची नावं लिहिलेली असतात, तिथं या रेघेला नाव नव्हतं. ज्योत्स्नानं शीटमधले रकाने बोट लावून तपासले. जितक्या विहिरी तितके रकाने. या रेघेचा रकानाच नव्हता. आणि बाकीच्या रेघा खाली उतरत असताना ही एकटी वर चढत होती.

जुनं काहीतरी राहून गेलं असेल, असं तिनं स्वतःला समजावलं. नक्कल करून चालवलेल्या फाईलमध्ये असा गाळ साठतोच. तिनं रेघेवर माउसचा बाण नेऊन ती पुसायला घेतली. चकरी फिरली, पडदा पांढरा झाला आणि या वेळी कॉम्प्युटरच्या डब्यातून आवाज आला. टक टक. मग थोडं थांबून, टक.

ज्योत्स्नाचा हात माउसवरच राहिला. हार्ड डिस्क गेली की असा आवाज येतो, हे तिला ठाऊक होतं. तिनं तसं शेजारच्या टेबलावरच्या उज्ज्वला मॅडमना सांगितलंही.

"डिस्क जाऊ दे नाहीतर सगळा डबा जाऊ दे," मॅडम म्हणाल्या, "उद्या संध्याकाळपर्यंत चार्ट गेला पाहिजे. तुझ्या मुदतवाढीचा कागद त्याच्याच मागं आहे. त्या रुद्रेशला बोलाव."

मॅडम वाईट नव्हत्या. चार्ट गेला नाही तर कंत्राट संपेल आणि ज्योत्स्ना घरी बसेल, एवढंच त्यांना दिसत होतं. तिच्या पगारावर घरात तीन माणसं होती. ते ज्योत्स्नालाही दिसत होतं. पण तिच्या कानात ते टक टक अडकून बसलं होतं, कारण तो ठेका तिच्या ओळखीचा होता.

३

जुन्या विहिरींच्या भिंतींना भोकं असतात आणि त्यांत पारवे राहतात. न सांगता वाकून बघितलं की ते एकदम तोंडावर उडतात आणि माणसाचा तोल जातो. म्हणून पाणी मोजणारा माणूस काठावर आधी टाळ्या वाजवतो, पारवे उडवून लावतो आणि मगच फीत आत सोडतो. ही पोलादी फीत असते. तिच्या टोकाला खडू घासायचा. पाण्यात बुडेल तिथवर खडू ओला होतो, तो आकडा वाचायचा.

पवनच्या टाळ्या ठरलेल्या होत्या. दोन झटक्यात, मग थोडं थांबून एक. "पहिल्या दोन टाळ्यांना तरणे उडतात," तो म्हणायचा, "शेवटली म्हाताऱ्या पारव्याला. त्याला कळायला टाइम लागतो." घरी आल्यावर कडी न वाजवता दारात त्याच तीन टाळ्या वाजवायचा. सासूबाई, सरूबाई, आतून ओरडायच्या, "आले बघा पारवे उडवणारे." त्या दिवशी काठावर त्याची गाडी होती, पाण्याची बाटली होती, जेवणाचा डबा होता. फीत आणि तो तेवढे नव्हते.

पाणबुडे आले, मोटारी लावून उपसा झाला. पण पाणी हटेना आणि भिंती सुटायला लागल्या. आणखी कुणी जाईल, असं सगळे म्हणाले. वरून हुकूम आला आणि विहीर दगड-मुरूम टाकून बुजवली. ट्रॅक्टरमागून ट्रॅक्टर रिकामे होत होते तेव्हा सासरे, शहादेव मामा, बांधावर हात मागे बांधून उभे होते. "तुमची हरकत न्हाई ना?" असं कुणीतरी विचारलं तेव्हा त्यांनी नुसती नाही अशी मान हलवली.

देह नसताना पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. भिंतीवर बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोखाली पवनचा फोटो लागला. त्या घरात कुणी अंगारा लावला नव्हता, कुणी पाणी उतरवलं नव्हतं. मामांच्या वडिलांनी छप्पन साली देव्हारा उचलून बाहेर ठेवला तेव्हापासून भूत, भानामती, करणी हे शब्द त्या उंबऱ्याच्या आत आले नव्हते, आणि मामांना त्याचा अभिमान होता. मेलेलं माणूस येत न्हाई, हे त्यांनी ज्योत्स्नाला सांत्वन म्हणूनच सांगितलं होतं. तिलाही ते पटलं होतं.

म्हणूनच त्या संध्याकाळी जेवताना ती रेघेबद्दल काही बोलली नाही. आवाजाबद्दल तर नाहीच. सांगायचं काय, की कॉम्प्युटर टाळ्या वाजवतो? मामा ताटात बघत होते. त्यांची नखं कातळाच्या भुकटीनं पांढरी झालेली होती. बांध घालत असतील, असं तिला वाटलं.

४

रुद्रेशचं बाजारात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. त्याचे वडील रेवणप्पा त्याच जागी भुसार विकायचे, त्यामुळे पोराच्या कीबोर्डवर अजून तुरीची टरफलं सापडायची. पोरगं हुशार होतं आणि तोंडानं मोकळं.

त्यानं चार्टला हात लावला, शीट बंद पडली, त्यानं मान हलवली. पुन्हा हात लावला, पुन्हा बंद पडली.

"डिस्क ठणठणीत हाय, ताई," तो म्हणाला. "सॉफ्टवेअरबी बरं हाय. खोट ह्या निळ्या रेघंत हाय."

"तिचा रकानाच नाही."

"कसा असंल? ती हितली न्हाईच. बाहेरून येती." त्यानं एक चौकट उघडून दाखवली. "ज्यानं ही फाईल बनवली त्यानं ह्या रेघेचे आकडे दुसऱ्या फाईलीतून घेतलेत. ती फाईल ह्या कॉम्प्युटरवर न्हाई. पेन ड्राइव्हवर हाय. तुमी चार्टला हात लावला की सॉफ्टवेअर तो पेन ड्राइव्ह हुडकायला निघतं आणि हुडकत हुडकत मरतं. तो आणून लावा, न्हाईतर लिंक तोडून रेघच काढून टाकू. दोन मिनिटाचं काम."

चौकटीत पेन ड्राइव्हचं नाव होतं. पवननं स्वतः दिलेलं, घरातल्या शेळीचं नाव. कार्यालयातल्या कॉम्प्युटरांवर त्याचा विश्वास नव्हता; व्हायरस खातो म्हणायचा. म्हणून मूळ आकडे तो पेन ड्राइव्हवर ठेवायचा आणि तो काळ्या दोरीनं गळ्यात अडकवायचा, किल्लीसारखा. झोपतानासुद्धा कधीकधी काढायचा नाही. ज्योत्स्नाला रात्री तो टोचायचा.

"तो पेन ड्राइव्ह नाही आता," ती म्हणाली.

"मग रेघ जुनी असंल. शेवटचा आकडा जवा भरला तवाची." रुद्रेश पडद्याकडं वाकला. रेघेच्या टोकावर त्यानं बोट टेकवलं. "पण न्हाई. ही तर आजची तारीख दावती."

सॉफ्टवेअर कधीकधी तारखा चुकवतं, असं तो मग पुटपुटला. त्यानं घाम पुसला आणि दुकानातून अवजार आणतो म्हणून गेला. सॉफ्टवेअर दुरुस्त करायला कसलं अवजार लागतं, हे ज्योत्स्नानं विचारलं नाही.

५

मग ती एकटीच चार्टसमोर बसली. हात न लावता, नुसती बघत.

निळी रेघ सुरू होत होती ती दिवाळीच्या तोंडावर. तळापाशी. तिथून ती वर चढत होती, रोज थोडी थोडी. पाणबुडे आत होते त्या दिवसांतही ती चढत होती. अर्ध्यावर आली होती. आणि मग एका दिवशी सरळ खाली, पुन्हा तळाला. तो दिवस तिला कॅलेंडरमध्ये बघावा लागला नाही. ट्रॅक्टर आले तो दिवस.

त्यानंतर बरेच दिवस रेघ तळाशीच आडवी पडून होती. मग परत चढायला लागली होती. आधी इतकी सावकाश की चढते आहे हे कळूही नये. दगडांतून वाट काढत चढल्यासारखी, कुठं थांबून, कुठं एक पाऊल मागं घसरून. हिवाळाभर, उन्हाळाभर. आता ती शून्याच्या इतक्या जवळ आली होती की मधली जागा बोटानं झाकली गेली असती.

ज्योत्स्नाची बुद्धी तिला सांगत होती, की हे पाणी आहे. बुजवलेल्या विहिरीतही पाणी चढू शकतं. पण मे महिन्यात? आणि ते मोजतंय कोण? कुठलं तरी यंत्र असेल. गाळात पडलेल्या पेन ड्राइव्हला कुठलं यंत्र जोडलेलं असतं, ते मात्र तिला सांगता येईना.

टक टक. टक.

चार्टला या वेळी कुणी हात लावलेला नव्हता.

तिला भीती वाटली, हे खरं. पण भीतीच्याही खाली दुसरंच, भीतीहून मोठं काहीतरी होतं. तो येत होता. इतके महिने तो येत होता आणि वर कुणी नव्हतं. ती पर्स उचलून उठली.

जिन्यात रुद्रेश भेटला. "जेवायला निघाल्या का, ताई? या जाऊन, मी तवर बघतो," तो म्हणाला.

तिनं मान डोलावली. रेघेला हात लावू नकोस, एवढंच म्हणायचं होतं. पण का, म्हणून त्यानं विचारलं असतं. मग काय सांगायचं होतं? शहादेवाची सून, शिकलेली, सगळ्यांदेखत म्हणणार होती, की माझा नवरा विहिरीतून वर येतोय? तिच्या जिभेवर ते वाक्य आलं आणि लाजेनं तिथंच थांबलं. रस्त्यावर सिरसाळ्याकडं जाणारी काळी-पिवळी जीप उभी होती, ती तिच्यात बसली.

६

विहीर आता विहीर नव्हतीच. कापसाच्या रानात दगडांचा एक गोल उंचवटा, त्यावर वाळलेलं गवत. दुपारचं ऊन इतकं कडक होतं की लांबचा बांध हलताना दिसत होता. उंचवट्यावर कुणीतरी ओणवं बसलेलं होतं.

शहादेव मामा होते. त्यांच्याभोवती उपसलेल्या दगडांची रास होती आणि मधोमध हात जाईल एवढा खड्डा होता.

"मामा, तुमी हितं?"

"शेळीला पाला बघायला आलतो."

शेळी घरी बांधलेली होती, हे दोघांनाही माहीत होतं. ज्योत्स्ना त्यांच्यापाशी बसली. त्यांची बोटं सोललेली होती, नखांतली पांढरी भुकटी आता तिला कळली.

"कधीपासनं ऐकू येतंय तुमाला?" तिनं विचारलं.

मामांचा चेहरा चोरी पकडली गेलेल्या माणसासारखा झाला होता. "हिवाळ्यापासनं," ते म्हणाले. "आधी लई खालून यायचं. म्या म्हणलं, कान वाजत्यात. आपण असलं काय मानत न्हाई. माझ्या बापानं न्हाई मानलं, म्या न्हाई मानलं." त्यांनी दगडावर तळवा ठेवला. "पण रोज वर येत गेलं. मग काय करू? बसू का घरी?"

"मला का नाही सांगितलं?"

"तू कावून न्हाई सांगितलं?"

दोघंही त्याच घरातली होती.

खाली टाळ्या वाजल्या. दोन झटक्यात, आणि थोडं थांबून एक. इतक्या जवळून, की ज्योत्स्नाच्या तळव्याखालचा दगड थरथरला. मग दोघंही दगड काढायला लागली. तिची बांगडी फुटली, मनगट कापलं, ते तिला नंतर कळलं. मामा काढायचे आणि ती मागं सारायची. एक मोठा धोंडा दोघांनी मिळून कलता केला आणि त्याच्या खाली काळी फट उघडली. फटीतून गारवा आला. ओल्या मातीचा वास आला, आणि त्यात पवनच्या डोक्याच्या तेलाचा.

मग फटीतून काहीतरी वर आलं. पातळ, चकचकीत. पोलादी फितीचं टोक. त्याला खडू घासलेला होता, कोरडा, पांढराशुभ्र. फीत सावकाश वर सरकत होती. खालून कुणीतरी ती ढकलत होतं, थांबत होतं, पुन्हा ढकलत होतं. वर अजून किती राहिलं ते मोजत होतं.

ज्योत्स्नानं टोक चिमटीत धरलं. पलीकडून ओढ आली. हलकी, जिवंत. बाजारात गर्दीत हात सुटू नये म्हणून तो तिचं बोट धरायचा, तशी. ती रडायला लागली आणि हसायलाही. "धरलंय मी," ती फटीत म्हणाली. "या तुमी. धरलंय मी."

पर्समधला फोन वाजला. संदेश आल्याचा एकच आवाज.

चिमटीतली ओढ गेली.

फीत आपल्या वजनानं खाली घसरायला लागली, तशी तिनं ती दोन्ही हातांनी पकडली. ओढली. ती येत गेली, अडकली नाही, कुठं जड लागली नाही. सगळी फीत वर आली आणि दगडांवर वेटोळं करून पडली. मामांनी फटीवर कान लावला. बराच वेळ लावला.

"आता कावून थांबलं?" ते म्हणाले.

ज्योत्स्नानं फोन काढला. उन्हात पडदा दिसत नव्हता, तिनं पदराची सावली केली. रुद्रेशचा संदेश होता. ताई, झालं काम. लिंक तोडली, ती फालतू रेघ काढून टाकली. चार्ट आता अजिबात अडकत नाही. मॅडमनी पाठवला पण.

तिनं त्याला फोन लावला. रेघ परत आणता येईल का, असं तिनं विचारलं तेव्हा तिचा आवाज अगदी साधा होता.

"न्हाई, ताई. सेव्ह करून बंद केलीय फाईल," तो म्हणाला. "आता कशाला लागती ती?"

मामांनी संदेश वाचलेला नव्हता आणि तिनं सांगितला नाही. ते गुडघ्यांवर बसले, फटीवर वाकले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. दोन झटक्यात, मग थोडं थांबून एक. वाट बघितली. पुन्हा वाजवल्या. ऊन उतरेपर्यंत ते वाजवत होते.

७

ज्योत्स्नाला मुदतवाढ मिळाली. मॅडमनी पेढे आणले आणि रुद्रेशनं दुरुस्तीचे पैसे घेतले नाहीत.

मामा अजून पाला बघायला जातात. संध्याकाळी परत येतात, तेव्हा ती त्यांच्या तोंडाकडं बघते आणि ते नुसती मान हलवतात, बांधावर हलवली होती तशीच. फीत तिनं पवनच्या फोटोमागं ठेवली आहे. टोकाचा खडू अजून कोरडा आहे.

सकाळी कार्यालयात कुणी आलेलं नसताना ती फाईल उघडते आणि चार्टला हात लावते. एका रेघेचा रंग बदलते, दुसरी जाड करते, तिसरी पुसून पुन्हा काढते. मग कॉम्प्युटरच्या डब्याला कान लावून बसते. चकरी फिरत नाही, पडदा पांढरा होत नाही. सगळ्या रेघा खाली जातात आणि शीट अगदी व्यवस्थित चालते.